वेष्टनातल्या सुगंधी तेलाचा हिशेब मिलिग्रॅममध्ये मांडा: संशोधक, फिल्म-उत्पादक आणि मंजुरी देणाऱ्या समित्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

लवंग, दालचिनी, ओवा, थाइम, ओरेगॅनो, गवती चहा, मोहरी यांच्या तेलांनी जिवाणू आणि बुरशीची वाढ रोखता येते, याबद्दल आता कुणाचे दुमत नाही. दुमत आहे ते त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल: तेल फिल्ममध्ये घातले, म्हणजे आतले अन्न जास्त दिवस टिकणार. ड्रममधले तेल अन्नाच्या पृष्ठभागावरच्या जिवाणूपर्यंत पोहोचायचे तर त्याला एक्स्ट्रूडरच्या (प्लास्टिक वितळवून फिल्म काढणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेतून, गोदामातल्या रिळातून, फिल्मच्या दोन बाजूंपैकी योग्य बाजूने आणि शेवटी अन्नातल्या मेद-प्रथिनांच्या गराड्यातून जावे लागते. प्रत्येक टप्प्यावर ते कमी होते. किती कमी होते हे न मोजताच दावे केले जात आहेत, त्या दाव्यांवर उत्पादने उभी राहत आहेत आणि समित्या त्यांना मान्यता देत आहेत. म्हणून हे पत्र.

सुरुवात पेट्री डिशपासून करू, कारण बहुतेक दाव्यांचा पाया तिथेच असतो. आगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) जिवाणू पसरायचे, 6 मिलिमीटर व्यासाची कागदी चकती ठेवायची, तिच्यावर 10 मायक्रोलिटर तेल सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी भोवतालचे स्वच्छ वर्तुळ मोजायचे. या चकतीचे क्षेत्रफळ साधारण 0.28 चौरस सेंटिमीटर. दहा मायक्रोलिटर कार्व्हाक्रॉल (ओरेगॅनोच्या तेलातला मुख्य घटक) म्हणजे जवळजवळ 10 मिलिग्रॅम. चौरस सेंटिमीटरला सुमारे 35 मिलिग्रॅम झाले. आता 50 मायक्रॉन जाडीची पॉलिथिलीनची फिल्म घ्या. तिचे वजन चौरस सेंटिमीटरला 4.6 मिलिग्रॅम भरते. तिच्यात 1 टक्का तेल असेल तर चौरस सेंटिमीटरला 0.046 मिलिग्रॅम. चकतीवरचे तेल फिल्ममधल्या तेलाच्या सुमारे 750 पट आहे. चकतीच्या चाचणीवरून फिल्मबद्दल बोलताना हा आकडा वाचकासमोर ठेवलाच जात नाही.

शिवाय वर्तुळाचा व्यास फक्त तेलाच्या ताकदीवर ठरत नाही. ही तेले पाण्यात फारशी विरघळत नाहीत, त्यामुळे आगरमधून नीट पसरत नाहीत. उलट त्यांची वाफ झाकणाखाली कोंडते आणि दुरून काम करते. आगरची जाडी, झाकण किती घट्ट बसले, ट्वीन 80 (तेल पाण्यात मिसळवणारे द्रव्य) घातले की नाही, यावर वर्तुळ लहानमोठे होते. तेलांची आपसात चाळणी करण्यापुरती ही चाचणी ठीक आहे. वेष्टनाचा पुरावा म्हणून ती कुठल्याही अहवालात येऊ नये.

आता पिशवीचा हिशेब करू. आतला पृष्ठभाग 400 चौरस सेंटिमीटर, आत 200 ग्रॅम अन्न, फिल्म तीच. फिल्मचे वजन 1.84 ग्रॅम, त्यात तेल 18.4 मिलिग्रॅम. सगळेच्या सगळे अन्नात उतरले असे समजले, तरी किलोला 92 मिलिग्रॅम होतात. म्हणजे ग्रॅमला 0.09 मिलिग्रॅम. प्रत्यक्ष अन्नात परिणाम दिसायला ग्रॅममागे साधारण 0.5 ते 20 मायक्रोलिटर तेल लागते, असे प्रकाशित कामांचे आढावे सांगतात. आपला सर्वात आशावादी आकडा त्या पल्ल्याच्या खालच्या टोकाच्याही पाचव्या हिश्शाइतका आहे. फिल्म बनवताना निम्मे उडाले आणि उरलेल्यातले निम्मे पिशवीच्या बाहेरच्या अंगाने गेले असे धरले, तर अन्नाच्या वाट्याला 4.6 मिलिग्रॅम येतात. किलोला 23.

यावर एक रास्त आक्षेप येतो: जिवाणू वाढतात ते पृष्ठभागावर, मग सगळ्या अन्नावर का भागायचे? बरोबर आहे. फिल्मला टेकलेला भाग 300 चौरस सेंटिमीटर धरा आणि फक्त वरचा 1 मिलिमीटर थर मोजा. तो सुमारे 30 ग्रॅम होतो. त्यात 4.6 मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमला 0.15. अजूनही अपुरे, आणि तेही तेल त्या थरातच थांबले असे मानून. प्रत्यक्षात ते आत झिरपत राहते. हा हिशेब काही ओळींचा आहे. तो प्रयोगाआधी केला तर कितीतरी प्रयोग सुरूच होणार नाहीत आणि जे होतील ते योग्य अन्नावर, योग्य मात्रेने होतील.

अन्न तेलाचे काय करते, हे जरा तपशिलाने सांगायला हवे. कार्व्हाक्रॉल आणि थाइम-ओव्याच्या तेलातले थायमॉल जिवाणूच्या पटलात शिरतात, पटल सैल करतात, आतले पोटॅशियम बाहेर गळते आणि पेशीचा ऊर्जासाठा संपतो. ज्या मेदप्रेमामुळे ते पटलात शिरतात, त्याच गुणामुळे ते अन्नातल्या मेदातही शिरतात. ऑक्टॅनॉल (मेदासारखे वागणारे द्रव्य) आणि पाणी यांच्यात कार्व्हाक्रॉलची वाटणी काही हजारास एक अशी होते. अन्नात 10 टक्के मेद असला तरी समतोल साधल्यावर पाण्याच्या भागात जेमतेम काही टक्के किंवा त्याहूनही कमी तेल उरते. आणि जिवाणू राहतात ते पाण्याच्याच भागात. प्रथिनेही तेल धरून ठेवतात. दालचिनीतले सिनामाल्डिहाइड तर प्रथिनांच्या अमिनो गटांशी रासायनिक बंध करते आणि अडकून पडते. आम्लता आणि थोडे मीठ मदतीला येतात. म्हणून कमी मेदाच्या, आम्लधर्मी, ओलसर पृष्ठभागाच्या अन्नात जो परिणाम दिसतो तो मेदयुक्त मांसात किंवा चीजमध्ये दिसेल अशी अपेक्षा धरू नये. जिवाणूंतही फरक आहे. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणामुळे ही तेले आत जायला अडखळतात आणि स्यूडोमोनास तर फारच चिवट. थंडीत ठेवलेले ताजे मांस किंवा मासे हवेत नासवण्यात बहुतेकदा स्यूडोमोनासच पुढे असतात. मग हे बाहेरचे आवरण नसलेल्या स्टॅफिलोकोकसवर फक्त चाचणी करून मांसाच्या वेष्टनाचा दावा कसा करता?

आता फिल्म बनवण्याकडे. 'कार्व्हाक्रॉल 237 अंश सेल्सिअसला उकळते, आमचा एक्स्ट्रूडर 180 वर चालतो, तेव्हा ते टिकते' हा युक्तिवाद प्रस्तावांमध्ये वारंवार दिसतो. तो चुकीचा आहे. उत्कलनबिंदूच्या खाली पन्नाससाठ अंशांवर द्रवाचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाचा बराच मोठा हिस्सा असतो. डायमधून (एक्स्ट्रूडरच्या तोंडातल्या फटीतून) बाहेर पडलेली गरम, पातळ फिल्म हवेच्या झोतासमोर येते, तेव्हा तेल पृष्ठभागावरून झपाट्याने उडते. डायच्या ओठांवर धूर दिसतो, वरच्या हुडला तेल साचून थेंब फिल्मवर पडतात, फिल्ममध्ये बारीक बुडबुडे येतात. हे दिसत असेल तर तेल फिल्ममध्ये नाही, हुडमध्ये आहे. मोहरीच्या तेलातले अलाइल आयसोथायोसायनेट 150 अंशांच्या आसपासच उकळते. ते पॉलिथिलीनबरोबर वितळवून फिल्म काढण्याचा विचारच सोडून द्यावा.

तेल हॉपरमध्ये (यंत्राच्या नरसाळ्यात) प्लास्टिकच्या दाण्यांवर ओतू नका. दाणे निसरडे होतात, स्क्रू त्यांना पकडत नाही, उत्पादन लाटांसारखे कमीजास्त येते आणि फिल्मची जाडी बदलते. दोन रस्ते चांगले आहेत. एक, पंपाने तेल थेट बॅरलच्या (स्क्रू फिरतो त्या नळीच्या) शेवटच्या टप्प्यात, वितळलेल्या पॉलिमरमध्ये सोडणे आणि त्यानंतरचा हवा काढायचा व्हेंट बंद ठेवणे. दुसरा, मास्टरबॅच, म्हणजे आधीच तेल भरलेले दाणे: 18 ते 28 टक्के व्हिनाइल अॅसिटेट असलेल्या ईव्हीए या मऊ प्लास्टिकचे दाणे बंद भांड्यात 40 ते 50 अंशांवर तेलात मुरवायचे आणि मग ते कमी तापमानाला वितळणाऱ्या थरात वापरायचे. ईव्हीए तेल चांगले शोषते आणि पॉलिथिलीनपेक्षा कमी तापमानाला चालते. कुठल्याही रस्त्याने गेलात तरी फिल्म निघाल्याबरोबर तुकडा कापा, तोललेल्या तुकड्यातले तेल विलायकाने तीनदा काढा, तिसऱ्या खेपेला काही उरत नाही याची खात्री करा आणि अंतर्गत मानक घालून गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजा. 'फॉर्म्युल्यात 3 टक्के' हे वाक्य अहवालात एकटे येता कामा नये. शेजारी 'फिल्ममध्ये प्रत्यक्ष इतके' हवेच.

तेल कुठल्या तरी वाहकात बांधून घालण्याचा मार्ग आम्हाला जास्त आश्वासक वाटतो, पण त्यालाही मर्यादा आहेत. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनचे, म्हणजे पोकळीत तेलाचा रेणू धरणाऱ्या साखरेच्या कड्याचे, उदाहरण घ्या. त्याचा रेणूभार 1135, कार्व्हाक्रॉलचा 150. एकास एक जोडी जमली तर पावडरमध्ये जास्तीत जास्त 11.7 टक्के तेल बसते. फिल्ममध्ये 1 टक्का कार्व्हाक्रॉल हवे असेल तर साडेआठ टक्के पावडर घालावी लागेल. इतक्या पावडरीने पातळ फिल्म धूसर आणि ठिसूळ होते. शिवाय तेल सुटायला ओलावा लागतो: ओल्या अन्नाभोवती हे उत्तम काम करते, कोरड्या अन्नाभोवती पावडर तेल धरून बसते. पावडर बनवण्याची नेहमीची रीत अशी: इथेनॉल आणि पाणी यांच्या एकास दोन मिश्रणात बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन 55 अंशांवर विरघळवायचे, इथेनॉलमधले तेल थेंबथेंब सोडत काही तास ढवळत राहायचे, ढवळतानाच हळूहळू थंड होऊ द्यायचे, रात्रभर 4 अंशांवर ठेवायचे, गाळून वाळवायचे. इथे दोन गोष्टी बिघडतात. तेल भरभर ओतले तर ते पोकळीत न जाता दाण्यांच्या पृष्ठभागावर चिकटते. आणि वाळलेली पावडर हेक्झेनने पटकन धुऊन पृष्ठभागावरचे तेल वेगळे मोजले नाही, तर बांधलेले किती आणि चिकटलेले किती हे कळत नाही. चिकटलेले तेल एक्स्ट्रूडरमध्ये पहिल्याच मिनिटाला जाते.

हॅलॉयसाइट या चिकणमातीच्या सूक्ष्म नळ्या, मॉन्टमोरिलोनाइट ही माती आणि सच्छिद्र सिलिका यांचे काम वेगळ्या तत्त्वावर चालते. तिथे तेल निर्वात पद्धतीने भरतात. तापमान सोसण्याची क्षमता वाढते हे खरे, परंतु वाहकाचे कण अन्नात उतरत नाहीत याचा वेगळा पुरावा द्यावा लागतो.

प्रयोगशाळांमध्ये सगळ्यात जास्त बनतात त्या कायटोसानच्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासूनच्या पॉलिमरच्या) ओतीव फिल्म. त्यांच्याबद्दल थोडे कडक बोलायला हवे. नेहमीचा घाट असा असतो: 1 टक्का अॅसेटिक आम्लाच्या 100 मिलिलिटर द्रावणात 2 ग्रॅम कायटोसान, त्याच्या वजनाच्या 25 ते 30 टक्के ग्लिसरॉल, तेल 1 मिलिलिटर, तेलाच्या पाव-पंचमांश ट्वीन 80, होमोजिनायझरवर काही मिनिटे, निर्वातात बुडबुडे काढणे, ओतणे आणि 35 ते 40 अंशांवर एक-दोन दिवस वाळवणे. निबंधात लिहिले जाते, 'तेल 1 टक्का'. पण हा टक्का द्रावणाचा आहे. वाळलेल्या फिल्ममध्ये 2 ग्रॅम कायटोसान, अर्धा-पाऊण ग्रॅम ग्लिसरॉल आणि ट्वीन, आणि 1 ग्रॅम तेल. काहीच उडाले नाही तर फिल्मचा चौथा हिस्सा तेलच आहे. एवढे तेल असलेली फिल्म जिवाणू मारते यात नवल नाही. दुसरा निबंध पॉलिथिलीनमधल्या 1 टक्क्याबद्दल बोलतो, आढावा लिहिणारा दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी ठेवतो आणि वाचणाऱ्याची दिशाभूल होते. म्हणून मागणी सरळ आहे: तेलाचे प्रमाण वाळलेल्या, स्थिर केलेल्या फिल्मच्या वजनावर आणि चौरस सेंटिमीटरमागे, दोन्ही प्रकारे द्या.

कायटोसानच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. फिल्ममध्ये उरलेले अॅसेटिक आम्ल स्वतःच जिवाणू रोखते आणि आम्लात कायटोसानचाही स्वतःचा प्रभाव असतो. त्यामुळे तुलनेसाठी बिनतेलाची फिल्म हवी, तेल सोडून बाकी सगळे, अगदी ट्वीनसुद्धा, असलेली फिल्म हवी आणि सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करून धुतलेली फिल्मही हवी. ट्वीनचा उलटा परिणामही होतो. ते जास्त झाले तर तेल त्याच्या मायसेलमध्ये (रेणूंच्या सूक्ष्म गोळ्यांत) अडकून निष्प्रभ होते. वाळताना तेलाचे थेंब वर येतात, म्हणून फिल्मची हवेकडची बाजू आणि साच्याकडची बाजू सारख्या नसतात. चाचणीत कुठली बाजू अन्नाला लावली ते नोंदवा. सिनामाल्डिहाइड घातलेली कायटोसान फिल्म पिवळी पडते, कारण त्याचे कायटोसानच्या अमिनो गटांशी शिफ बेस नावाचे बंध तयार होतात. फिल्म मजबूत होते, आणि तेवढे सिनामाल्डिहाइड मोकळे राहत नाही.

फिल्म तयार झाली, आता ती टिकवायची. पॉलिथिलीनमधून ही तेले सहज पार जातात. एकाच थराची पिशवी असेल तर तेल आत जाते तसेच बाहेरही जाते आणि बाहेर हवा वाहती असल्यामुळे ओढ बाहेरची जास्त. म्हणून बाहेरून अडवणारा थर लागतोच: पीईटी, धातूचा मुलामा दिलेली फिल्म किंवा ईव्हीओएच हे प्लास्टिक. ईव्हीओएच दमट हवेत ढिले पडते, ते उघडे ठेवू नये. थर एकमेकांना चिकटवून लॅमिनेशन केले की नवा प्रश्न उभा राहतो. तेल चिकटद्रव्यात शिरते, थर सुटू लागतात. शाई मऊ पडते. सील करायच्या जागी तेल फुटून वर आले असेल तर सीलची ताकद घटते आणि सील करणाऱ्या यंत्राच्या जबड्यांच्या उष्णतेने तिथले तेल वेगळे उडते. लॅमिनेट बनल्या दिवशी आणि एक महिन्याने अशी दोनदा सील व थरांची ओढ-चाचणी घ्या; पहिल्या दिवशी सगळेच चांगले दिसते.

रिळाचे बाहेरचे वेढे आतल्या वेढ्यांपेक्षा लवकर तेल गमावतात. रीळ अॅल्युमिनियमच्या पिशवीत, थंड जागी ठेवा. 0, 7, 30 आणि 90 दिवसांनी बाहेरच्या आणि आतल्या वेढ्यांतले तेल मोजा. वापरण्याच्या दिवशी फिल्ममध्ये किती तेल आहे, हाच खरा आकडा.

तेलही एकसारखे नसते. थाइमचे काही वाण थायमॉल देतात, काही लिनालूल. दालचिनीच्या सालीचे तेल सिनामाल्डिहाइडचे, पानांचे तेल युजेनॉलचे; दोन्ही 'दालचिनीचे तेल' म्हणून विकले जाते. कॅसियाच्या (चिनी दालचिनीच्या) तेलात कूमारिन हे जास्त झाल्यास यकृताला अपाय करणारे द्रव्य असते. हवा आणि प्रकाश लागला की सिनामाल्डिहाइडचे सिनामिक आम्ल होते. लिंबूवर्गीय तेलांतल्या लिमोनीनचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात आणि ते त्वचेला अॅलर्जी आणतात. दर बॅचचे क्रोमॅटोग्राफीचे विश्लेषण आणि तेलाची साठवणूक कशी केली याची नोंद नसेल तर मागच्या महिन्यातला चांगला निकाल पुढच्या महिन्यात मिळणार नाही.

चाचण्यांबद्दल समित्यांना विशेष सांगणे आहे. आयएसओ 22196 ही प्लास्टिकच्या पृष्ठभागाची चाचणी अनेक प्रस्तावांत शेवटचा पुरावा म्हणून येते. तिच्यात 5 सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्यावर 0.4 मिलिलिटर जिवाणूंचे द्रावण ठेवून वरून पातळ फिल्मने झाकतात आणि 35 अंशांवर, 90 टक्के आर्द्रतेत 24 तास ठेवतात. पोषणद्रव्य 500 पट पातळ केलेले. उपाशी जिवाणू, पातळ पाणी, मेद नाही, प्रथिने नाहीत आणि झाकणामुळे तेल कुठे जात नाही. चांदीसारख्या न उडणाऱ्या द्रव्यासाठी ती बनली आहे असे म्हणता येईल. सुगंधी तेलाच्या वेष्टनाने 4 अंशांवर दहा दिवस अन्न राखले का, या प्रश्नाचे उत्तर ती देत नाही.

उत्तर देणारी चाचणी म्हणजे त्याच अन्नात, त्याच पिशवीत, त्याच वायूमिश्रणात केलेली चॅलेंज टेस्ट. एकाच जातीच्या जिवाणूच्या तीन-पाच प्रकारांचे मिश्रण मुद्दाम अन्नात ग्रॅमला 100 ते 1000 इतके टोचा. ठरलेल्या साठवण-तापमानाला आणि शिवाय थंड साखळी तुटल्यावर येईल अशा वाढीव तापमानाला ठेवा. टिकाऊपणाच्या दाव्याच्या पुढेही काही दिवस मोजत राहा. मोजणीसाठी अन्न घुसळताना तेलही सोबत येते आणि प्लेटवर वाढ दाबते, त्यामुळे प्रत्यक्षात जिवंत असलेले जिवाणू मेल्यासारखे दिसतात; विरलन-द्रावणात लेसिथिन आणि ट्वीन 80 घालून हे तेल निष्प्रभ करा आणि ते खरेच निष्प्रभ झाले याची वेगळी तपासणी करा. 'एक लॉग घट' असे लिहिताना ग्रॅमला दहा लाखांवरून एक लाख असे शब्दांतही लिहा. वाचणाऱ्याला त्या घटीचे मोल कळते.

सुरक्षिततेचा एक मुद्दा आम्हाला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. अन्न नासवणारे जिवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू वेगळे असतात. नासवणारे वाढले की वास येतो, बुळबुळीतपणा येतो आणि माणूस ते अन्न टाकून देतो. लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स फ्रिजच्या तापमानातही वाढतो आणि वास देत नाही. वेष्टनाने नासवणाऱ्यांना दाबले, लिस्टेरियाला दाबले नाही आणि टिकाऊपणाची तारीख पुढे ढकलली, तर अन्न ताजे दिसत राहील आणि धोका वाढत राहील. त्यात दालचिनीचा किंवा लवंगेचा वास बिघडलेल्या अन्नाचा वास झाकतो. युरोपीय संघाच्या 1935/2004 या नियमावलीत सक्रिय वेष्टनाने अन्नाचा बिघाड झाकून ग्राहकाची दिशाभूल करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. खाण्यास तयार, थंड ठेवायच्या अन्नासाठी तारीख वाढवण्याचा कोणताही प्रस्ताव लिस्टेरियाच्या चॅलेंज टेस्टशिवाय स्वीकारू नका. हवा काढून टाकलेल्या पिशवीसाठी तसाच विचार थंडीत वाढणाऱ्या, विष बनवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमच्या प्रकारांचा करा.

'नैसर्गिक आहे, मसाल्यातच असते' हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. अमेरिकेत अनेक सुगंधी तेले सामान्यतः सुरक्षित मानलेल्यांच्या यादीत आहेत, पण तिथला संदर्भ चवीसाठी लागणाऱ्या मात्रेचा आहे. युरोपीय संघाच्या 450/2009 या नियमावलीनुसार वेष्टनातून सुटणारे सक्रिय द्रव्य अन्नात वापरण्यास मान्य असावे लागते. ते द्रव्य एकूण स्थलांतराच्या (वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या सगळ्या द्रव्यांच्या) 10 मिलिग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर या मर्यादेत धरत नाहीत, म्हणून काही जण हा प्रश्न सुटला असे समजतात. सुटत नाही, अन्नात किती उतरले याला अन्नाचे नियम लागतातच. स्थलांतर तपासताना मेदयुक्त अन्नासाठी वनस्पती तेल, आम्लधर्मी अन्नासाठी 3 टक्के अॅसेटिक आम्ल, कोरड्यासाठी टेनॅक्स ही शोषक पावडर असे योग्य माध्यम घ्या; फक्त 10 टक्के इथेनॉलवर केलेली चाचणी मेदयुक्त अन्नाबद्दल काही सांगत नाही. इस्ट्रॅगोल आणि मिथाइल-युजेनॉल असलेल्या तेलांत या कर्करोगाचा संशय असलेल्या घटकांचे प्रमाण वेगळे द्या. एक्स्ट्रूडरजवळ काम करणाऱ्यांचाही विचार हवा: युजेनॉल, सिनामाल्डिहाइड, सिट्रल ही ज्ञात अॅलर्जीकारक द्रव्ये आहेत आणि लिमोनीनची वाफ 50 अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते. धूर ओढून घेणारी यंत्रणा डायच्या अगदी वर हवी.

चवीची परीक्षा शेवटी उरकायची बाब नाही. जिवाणू अडवायला लागणारी मात्रा आणि नाकाला खटकणारी मात्रा यांत बऱ्याच अन्नांमध्ये फटच नसते. म्हणून आयएसओ 4120 ची त्रिकोण-चाचणी (तीन नमुन्यांतला वेगळा ओळखण्याची) आणि वेष्टनामुळे बदललेल्या चवीसाठीची आयएसओ 13302 पद्धत, या दोन्ही सूक्ष्मजीव-चाचण्यांच्या आधी करा. साठवणीच्या पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशीही करा. तेल सुरुवातीला भसकन सुटते, त्यामुळे सर्वात जास्त वास पहिल्या काही दिवसांतच असतो आणि सर्वात कमी संरक्षण शेवटच्या दिवसांत, जेव्हा ते हवे असते. खात्रीचे परीक्षक फरक ओळखून तो नापसंत करत असतील तर पुढचे महिने वाया घालवू नका.

हे सगळे वाचून आम्ही या तंत्राच्या विरोधात आहोत असे कुणी समजू नये. त्याची खरी जागा शोधली जावी यासाठीच इतके लिहिले. ती जागा आम्हाला दिसते ती अशी: कमी मेदाचे अन्न, मुख्य शत्रू बुरशी, पिशवीत थोडी मोकळी हवा आणि अन्नाच्या चवीशी जुळणारे तेल. पावासारख्या पदार्थांवरची बुरशी वाफेने रोखता येते. फिल्मने अन्नाला स्पर्श करायचीही गरज नसते. इथे सिनामाल्डिहाइड आणि अलाइल आयसोथायोसायनेट फार थोड्या मात्रेत काम करतात. त्यासाठी तेल फिल्मभर पसरवण्यापेक्षा छोटी सॅशे, लेबलामागचा थर किंवा कागदावरचा मेणाचा लेप बरा: उष्णता लागत नाही, मात्रा नेमकी देता येते, नको तेव्हा काढता येते. वितळवून घालण्याऐवजी तयार फिल्मवर, कोरोना (पृष्ठभाग चिकट करणारा विद्युत-विसर्ग) देऊन, झीन (मक्याचे प्रथिन) किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा लेप 50 ते 60 अंशांवर वाळवणे हाही शहाणा रस्ता आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल ओलाव्याने फुगते आणि त्याच वेळी तेल सोडते. कार्बन डायऑक्साइडच्या वायूमिश्रणाबरोबर, थंडीबरोबर किंवा सौम्य आम्लाबरोबर थोडे तेल जे साधते ते एकट्या जास्त तेलाने साधत नाही.

संपादकांना आणि समित्यांना मागणे असे की प्रत्येक निबंधाच्या किंवा अर्जाच्या पहिल्या पानावर पाच आकडे मागा: घातलेले तेल, वापराच्या दिवशी फिल्ममध्ये उरलेले तेल, टिकाऊपणाच्या शेवटच्या दिवशी अन्नात मोजलेले तेल, त्याच अन्नात त्याच तापमानाला लक्ष्य-जिवाणूत पडलेला फरक आणि परीक्षकांना चव खटकू लागते ती मात्रा. पहिले तीन आकडे मिलिग्रॅममध्ये, पिशवीमागे. यातला एक जरी आकडा नसेल तर शीर्षकातून 'अन्नवेष्टन' हा शब्द काढून 'फिल्म' लिहायला सांगा. आणि ज्यांच्या फिल्मने आगरवर मोठे वर्तुळ दिले पण अन्नात काहीच केले नाही, त्यांचे आकडे परत पाठवू नका, छापा. कुठल्या अन्नात, किती मेदाला, कुठल्या तापमानाला हे तंत्र थांबते याचा नकाशा त्याच आकड्यांतून तयार होईल.

आपले,
वेष्टन-रसायन आणि अन्न-सूक्ष्मजीवशास्त्रात काम करणारे काही जण